हाताखाली हात

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाला 'माध्यम' हा शब्द रोज ऐकावा लागतो. मुलाला कुठल्या माध्यमात घालायचं, उर्दूतून शिकून पुढे काय होणार, मराठी कच्चं राहतं त्याचं काय, इंग्रजी शाळेची फी कुठून भरायची? पालकसभेत हा विषय निघतो, लग्नाच्या दावतीतही निघतो. आमचं आयुष्यच तीन-चार भाषांत वाटलेलं आहे. घरात बोली, वर्गात उर्दू, कचेरीच्या कागदावर मराठी आणि मोबाईलवर इंग्रजी. मी उर्दू माध्यमात शिकले, बी.एड. केलं आणि आता भिवंडीत उर्दू शाळेतच शिकवते. त्यामुळे या वादात माझीही मतं आहेत आणि ती मी जोरात मांडते.

परंतु असंही एक मूल असतं, ज्याच्या बाबतीत हा वाद सुरूच होऊ शकत नाही. त्याला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. अशा व्यक्तींना बधिरांध म्हणतात. बहिऱ्या मुलाला डोळे असतात. ते ओठ पाहतं, खाणाखुणा करतं. अंध मुलाला कान असतात. ते आवाजावरून माणूस ओळखतं, ऐकून ऐकून हाफिजसुद्धा होतं. एका इंद्रियाची उणीव दुसरं भरून काढतं. बधिरांध मुलाला हा आधार मिळत नाही. म्हणून बधिरांधत्व ही बहिरेपण आणि आंधळेपण यांची साधी बेरीज नव्हे. ती वेगळीच अवस्था आहे आणि तिचं शिक्षणही वेगळं आहे. ते शिक्षण देणाऱ्याला आधी स्वतः शिकावं लागतं. त्या शिकण्याबद्दल मला इथे लिहायचं आहे.

२०२२ सालच्या पावसाळ्यात आम्ही शिक्षक शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला घरोघर फिरत होतो. लूमच्या एका कारखान्यामागे दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत सात वर्षांचा एक मुलगा दोन्ही तळहात भिंतीला लावून बसला होता. घरात सगळे त्याला मुन्ना म्हणत. भिंतीच्या पलीकडे लूम चालू होते आणि त्यांचा थरकाप त्या भिंतीत उतरत होता. त्याची आई म्हणाली, "दिनभर ऐसाच बैठता है टीचर. लाइट गई तो घर में सबसे पहले इसको मालूम पड़ता है." लूम थांबले की भिंत थांबते, आणि मुन्ना भिंतीवर थापा मारू लागतो.

मी कागद काढला तेव्हा दादी म्हणाली, "इसका नाम काहे को लिखते हो? अल्लाह ने जैसा भेजा, वैसा संभाल रहे हैं."

ते खरंच सांभाळत होते. त्या घरात मायेची कमतरता नव्हती. मुन्नाला हाताने भरवलं जाई. रोज आंघोळ, डोळ्यांत सुरमा, ईदला नवे कपडे. शेजारीपाजारीही त्याच्या नावाने काहीबाही आणून देत. पण सात वर्षांत त्याला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. त्याला काही सांगता येतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर काय होत होतं? अचानक कुणीतरी उचलायचं. अचानक अंगावर पाणी पडायचं. अचानक तोंडात घास यायचा. तो चावायचा, ओरबाडायचा, आणि घरातले म्हणायचे, जिद्दी आहे.

२०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईतल्या एका संस्थेत सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला मी गेले. आम्ही वीसेक जण होतो. काही अंगणवाडी सेविका, काही विशेष शिक्षक, काही बधिरांध मुलांच्या आया, आणि माझ्यासारखे साध्या शाळांतले शिक्षक.

पहिल्या दिवशी आमच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली, कानांत बोळे घातले आणि वरून आवाज अडवणारं जाड यंत्र बसवलं. मग कुणीतरी माझं मनगट धरलं आणि मला ओढत नेलं. कोण, कुठे, कशासाठी, काही कळेना. पायऱ्या आहेत की उतार, तेही कळेना. मला कुठेतरी बसवलं आणि ओठांना एक थंड चमचा लागला. माझं तोंड आपोआप मिटलं. पुढे कळलं की चमच्यात नुसतं दही होतं. दही मला आवडतं. तरीही त्या घटकेला चमचा धरणारा तो हात मला दूर ढकलावासा वाटला. मुन्ना का चावतो, ते मला त्या खुर्चीत समजलं.

दुपारी तोच रस्ता पुन्हा केला, पण वेगळ्या रीतीने. आधी कुणीतरी माझ्या हाताच्या पाठीला हलकेच हात लावला आणि तसाच राहू दिला. मग माझा हात आपल्या मनगटावरच्या जाड कड्यावर नेला. हे त्या बाईंचं 'नाव' होतं. पुढे दिवसभर ते कडं हाताला लागलं की मला कळे, त्या आल्या. त्यांनी मला धरलं नाही, त्यांच्या कोपराच्या वर मला धरू दिलं आणि अर्धं पाऊल पुढे चालल्या. त्यांचा कोपर खाली गेला की पायरी उतरायची, वर गेला की चढायची. सकाळी जो जिना मला विहिरीसारखा वाटला होता, तो मी सहज उतरले.

दुसऱ्या दिवशीच्या धड्याचं नाव 'हाताखाली हात' असं होतं. आपण सगळे अलिफ-बे किंवा ग म भ न हात धरून शिकलो. उस्तादांचा हात वर, आपला हात खाली, आणि तख्तीवर कलम फिरतंय. डोळस मुलाला ते चालतं, कारण आपला हात कुठे जातोय हे त्याला दिसत असतं. बधिरांध मुलाचे हात हेच त्याचे डोळे, हेच कान आणि हीच जीभ. ते वरून धरले की त्याचं पाहणं, ऐकणं, बोलणं तिन्ही एकदम बंद होतं. म्हणून इथे शिक्षकाचा हात खाली आणि मुलाचा हात वर. पेला उचलायचा असेल तर शिक्षक उचलतो आणि मुलाचा हात त्या हातावर स्वार होऊन काय चाललंय ते पाहतो. नको वाटलं तर मूल हात काढून घेऊ शकतं. हळूहळू शिक्षकाचा हात मागे सरकतो आणि मुलाची बोटं पेल्यापर्यंत पोचतात.

ऐकायला हे सोपं वाटतं, करायला फार कठीण आहे. आम्ही शिक्षक माणसं घाईची. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनाच्या पाठात दर मिनिटाला काहीतरी घडावं लागायचं. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, प्रश्न, फलकलेखन. इथे मात्र एक खूण करायची आणि थांबायचं. मनातल्या मनात दहा-पंधरा आकडे मोजायचे. मुलाच्या बोटांत काही हालचाल होते का, त्याचा श्वास बदलतो का, मान वळते का, हे पाहायचं. ते त्याचं उत्तर असतं.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. ज्यांना आपण पूर्ण अंध आणि पूर्ण बहिरे समजतो, त्यांतल्या बहुतेकांना थोडंसं दिसत तरी असतं किंवा थोडंसं ऐकू तरी येत असतं. कुणाला खिडकीचा उजेड कळतो, कुणाला काळ्या ताटातला पांढरा भात दिसतो, कुणाला ढोलाचा ठोका कळतो. ते 'थोडंसं' शोधून त्याचा उपयोग करणं हे प्रशिक्षणातलं मोठं काम आहे.

चौथ्या दिवशी शिकवायला एक बधिरांध गृहस्थ आले. लहानपणी बहिरे झालेले, पुढे दृष्टीही गेलेले. त्यांच्या शेजारी दुभाषी बसली होती. आम्ही बोलू ते ती खुणांच्या भाषेत त्यांच्या हातांना सांगे. त्यांचे हात तिच्या हातांवर असत. स्पर्शाने वाचायची ही खुणांची भाषा. एकाने विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? ते म्हणाले, "लोक न सांगता निघून जातात त्याचा. मी बराच वेळ रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो." वर्गात कुणी काही बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र प्रत्येक जण उठताना त्यांच्या हाताला स्पर्श करून, निरोप घेऊन गेला.

त्याच दिवशी वेळेच्या पेटीची ओळख झाली. एका लांबट लाकडी पेटीत ओळीने कप्पे. पहिल्या कप्प्यात चमचा म्हणजे आधी नाश्ता. दुसऱ्यात पेला किंवा टॉवेल म्हणजे नंतर आंघोळ. काम झालं की वस्तू 'संपलं'च्या डब्यात टाकायची. दिसत नाही, ऐकू येत नाही, त्या मुलाला आता काय होणार आणि नंतर काय होणार, हे यातून कळतं. नेदरलँड्समधल्या यान फान डाइक यांनी बधिरांध मुलांसोबत काम करताना ही पद्धत घडवली आणि ती जगभर गेली.

मी उर्दूवाली. म्हणून विचारलं, आमच्या घरात ही पेटी उजवीकडून डावीकडे लावायची का? बाई हसल्या. म्हणाल्या, डावीकडूनच लावा, कारण पुढे मूल ब्रेल शिकलं तर उर्दूसुद्धा डावीकडून उजवीकडेच वाचणार. हे मला नवं होतं. भारतीय भाषांसाठी १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये समान उच्चाराच्या अक्षराला समान टिंबं असतात. मराठीचा 'क' आणि उर्दूचा 'काफ' दोन्ही पहिल्या आणि तिसऱ्या टिंबाचे. मराठीचा 'म' आणि उर्दूचा 'मीम' दोन्ही एक, तीन, चारचे. मी ती टिंबं बोटाने पुन्हा पुन्हा चाचपली. ज्या दोन लिप्यांमध्ये माझी सगळी उमर गेली, त्या त्या जाड कागदावर एकच होत्या.

हेलन केलरचं नाव आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतं. ५ एप्रिल १८८७ रोजी पाण्याच्या पंपाखाली तिचा हात धरून शिक्षिकेने दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द बोटांनी लिहिला आणि मुलीला भाषेचा दरवाजा उघडला. आपण याला चमत्कार म्हणतो. पण तो एकाएकी घडला नव्हता. अ‍ॅन सलिव्हन तेव्हा वीस वर्षांची होती, तिची स्वतःची नजर अधू होती. बॉस्टनच्या पर्किन्स शाळेत ती शिकली होती. त्या शाळेत डॉ. सॅम्युएल हाऊ यांनी १८३७ पासून लॉरा ब्रिजमन या बधिरांध मुलीला भाषा शिकवली होती. सलिव्हन शाळेत होती तेव्हा लॉरा म्हातारपणाकडे झुकली होती आणि तिथेच राहत होती. हातावर अक्षरं कशी काढायची ते सलिव्हनला लॉराशी बोलता बोलता आलं. हेलनकडे जाण्याआधी तिने हाऊ यांचे अहवालही वाचून काढले. म्हणजे हाऊकडून लॉराला, लॉराकडून सलिव्हनला, सलिव्हनकडून हेलनला. आपल्याकडे याला सिलसिला म्हणतात. उस्तादाशिवाय शागिर्द नाही, आणि इथे तर एक बधिरांध बाईच उस्ताद होती.

हा सिलसिला आपल्या देशातही आला. हेलन केलर १९५५ साली भारतात येऊन गेल्या. १९७७ मध्ये बेरोज वाच्छा यांनी मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली आणि बधिरांध मुलांच्या शिक्षणाला इथे पाया मिळाला. १९९७ मध्ये अहमदाबादेत सेन्स इंडियाचं काम सुरू झालं. स्वतः बधिरांध असलेले जमीर ढाले यांनी तर बधिरांधांच्या हक्कांसाठी संस्था उभी केली. हे नाव मी प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मुन्नाच्या दादीला सांगायला मी उतावीळ झाले होते.

कायद्याला मात्र वेळ लागला. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत बधिरांधत्व नव्हतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि बहुविकलांगतेत बधिरांधत्वाचं नाव स्पष्ट लिहिलं गेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांमागे विशेष शिक्षक किती असावेत याचं प्रमाण ठरवायला सांगितलं. पण कागदावरच्या पदावर बसायला माणूस शिकलेला लागतो. विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. सहा दिवसांच्या शिबिराने कुणी विशेष शिक्षक होत नाही. मीही झाले नाही. मी एवढंच शिकले की मुलाच्या घरी जाऊन काय सुरू करता येतं आणि पुढे कुणाला बोलवावं लागतं.

मुन्नाच्या घरी आम्ही सुरुवात केली ती खोक्यांपासून. बुटांची चार रिकामी खोकी एकमेकांना चिकटवली. नाश्त्यासाठी चमचा, आंघोळीसाठी छोटा लोटा, झोपण्यासाठी त्याच्या गोधडीचा तुकडा. दादीने सुचवलं ते मला कधीच सुचलं नसतं. ती पाच वेळा वजू करते आणि दर वेळी मुन्ना शेजारी असतो. तेव्हा तिने तिचा ओला हात त्याच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. दिवसाचे पाच ठोके त्याला असे मिळाले. जुम्म्याला अब्बा मशिदीत घेऊन जात, त्याची खूण म्हणून टोपी. आईचं नाव तिच्या काचेच्या बांगड्या. अब्बांचं नाव त्यांची दाढी. माझं नाव माझं घड्याळ. तालुक्याच्या विशेष शिक्षिका पंधरवड्यातून एकदा येऊ लागल्या आणि खरी दिशा त्यांनी दिली.

पहिले चार महिने तो वस्तू फेकून देई. नंतर फेकणं कमी झालं. चावणंही कमी झालं, कारण पाणी अंगावर पडायच्या आधी आता लोटा हातात येत होता. आणि एका मंगळवारी, अब्बा रातपाळी करून झोपले होते, तेव्हा मुन्नाने खोक्यातून टोपी शोधून काढली आणि सरपटत जाऊन अब्बांच्या हातावर ठेवली. तो जुम्मा नव्हता. त्याला बाहेर जायचं होतं. आठ वर्षांच्या त्या पोराने पहिल्यांदा कुणाला काही मागितलं होतं. अब्बा उठले आणि त्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपर्यंत फिरवून आणलं. आईने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

आता दोन गोष्टी आपल्या समाजाला सांगायच्या आहेत आणि त्या थोड्या कडू आहेत.

मुन्नाच्या आईला दिवस गेले होते तेव्हा दुसऱ्या महिन्यात तिच्या अंगावर बारीक पुरळ आलं आणि दोन दिवस किरकोळ ताप राहिला. तो रुबेला होता, असं पुढे मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं. मुलांना हा आजार किरकोळच असतो, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो बाळाचे डोळे, कान आणि काळीज बिघडवू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस द्यायची मोहीम निघाली. तेव्हा मोबाईलवरून अफवा पसरल्या, मुलं नपुंसक होतील असं सांगितलं गेलं, आणि लसीच्या दिवशी आपल्या वस्त्यांतल्या कित्येक शाळांत बाकं रिकामी राहिली. ती सुई केवळ ती घेणाऱ्या मुलासाठी नसते. त्याच्या शेजारी बसणाऱ्या पोटुशी वहिनीसाठी, खालासाठी, टीचरसाठीही असते. आज ही लस नेहमीच्या लसीकरणात मिळते, फुकट मिळते.

दुसरं कारण अशर सिंड्रोम. यात मूल जन्मतः बहिरं असतं किंवा कमी ऐकतं, आणि पुढे वाढत्या वयात आधी अंधारात आणि मग बाजूचं दिसणं कमी होत जातं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच उतरतो. दोघांतही तो लपलेला असेल, तर दर बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांत तोच दोष असण्याची शक्यता वाढते. मामा-खालाच्या मुलांत लग्नं आपल्याकडे होतात, महाराष्ट्रातल्या इतर समाजांतही मामाच्या मुलीशी होतात. घरात आधीच बहिरी मुलं असतील, तर निकाहची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे. शिक्षकांनीही लक्ष ठेवावं. एखादं बहिरं मूल संध्याकाळी ठेचकाळायला लागलं, तर त्याला धांदरट म्हणू नये, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवावं.

आपल्या मोहल्ल्यात डी.एड., बी.एड. झालेल्या किती मुली शिक्षक भरतीची वाट पाहत घरी बसल्या आहेत! त्यांतल्या दोघी-चौघींनी तरी विशेष शिक्षणाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला पाहिजे. फी जड जात असेल, तर जमातीने आणि ट्रस्टनी ती भरावी. मुन्नासारख्या मुलासाठी आपण घास आणतो, कपडे आणतो, दुवा करतो. हे सगळं चांगलंच आहे. पण त्याला उस्ताद लागतो आणि उस्ताद तयार करायला दोन वर्षं आणि पैसा लागतो. ज्या घरात उर्दू किंवा बोली बोलली जाते, जिथे पर्द्यामुळे परक्या माणसाला आतल्या खोलीत जाता येत नाही, तिथे आपलीच शिकलेली मुलगी सहज जाऊ शकते.

तोवर तुमच्या ओळखीत असं कुणी मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर एवढं तरी करा. एकदम उचलू नका, मनगट धरू नका. जवळ बसून त्याच्या हाताला आपला हात हलकेच लावा आणि थांबा. तुमच्या अंगावरची एक ठरावीक वस्तू, अंगठी, कडं, घड्याळ, त्याला दर वेळी चाचपू द्या. काय करणार ते आधी हाताने सांगा. आणि जाताना, कितीही घाई असली तरी, निरोप घेतल्याशिवाय जाऊ नका.